सहावं घर

टकळीची मावशी जुनी हत्यारं तपासायची. संग्राहक कुठून कुठून पिस्तुलं नि तलवारी गुंडाळून आणायचे आणि मावशी डोळ्याला भिंग लावून सांगायची, यातलं मूळचं काय आणि मागाहून जोडलेलं काय. तिचा शेरा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा दिला की ती वस्तू पुन्हा टेबलावर घ्यायची नाही, हा नियमच. नाहीतर लोक शेरा बदलून घ्यायला जिन्यावर पथारी पसरतील, असं तिचं म्हणणं.

आणि आज शेरा टकळी देणार होती. पहिल्यांदाच, स्वतःच्या तोंडाने. आठवडाभर शाळेत तिचे पाय जमिनीला लागले नव्हते.

"बडबड कमी," मावशी म्हणाली. "आणि तंद्री तर अजिबात नाही."

"बडबड थांबली की तंद्री लागते, मावशी. दोन्ही एकदम कसं जमायचं?"

टेबलापलीकडे शिवणकाम करणाऱ्या काकू बसल्या होत्या, मोजपट्टी अजून गळ्यातच. त्यांनी फ्लॅनेलच्या तुकड्यातून नवऱ्याच्या पणजोबांचं रिव्हॉल्व्हर काढलं. काडतुसं येण्याआधीच्या काळातलं, टोपीचं. चक्राला सहा घरं. घरात समोरून दारू नि गोळी ठासायची, मागच्या बारीक खुंटीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत. संग्राहकांच्या प्रदर्शनात एक कपाट फक्त अस्सल वस्तूंचं असायचं, एकही भाग न बदललेल्या. काकूंना ते तिथे ठेवायचं होतं.

"त्यांचा फोटोसुद्धा नाही हो घरात," काकू म्हणाल्या. "नुसती ख्याती. नाकाच्या शेंड्यावर राग. आमच्या पोराने ताट आपटलं की सगळे म्हणतात, त्यांच्यावरच गेलाय."

"आधी काडी," मावशी म्हणाली.

आत काही भरलेलं राहिलं नाही ना, हे बघायला टकळीने बांबूची काडी एकेका घरात फिरवली. खर्र. खर्र. खिडकीतून पातळ दुधासारखा उजेड येत होता आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की जणू तिला कुठे जायचंच नव्हतं. मुठीच्या लाकडाला एका बाजूला खळगा पडला होता. टकळीचा अंगठा त्यात अलगद बसला, आणि झालं, मन निघालं फिरायला. एक लांबच लांब रस्ता. एक माणूस चाललाय. चेहरा नाही, नुसती चाल, आणि कमरेला हे जड लोखंड, पावलागणिक हलणारं...

मावशी खाकरली.

टकळी दचकून कामाला लागली. नळी ठीक. भागांवरचे आकडे जुळतात. मूठ मूळचीच. मग खुंट्या. पाच खुंट्या मुंग्यांनी कुरतडल्यासारख्या खडबडीत आणि सहावी? नव्या नवरीसारखी तुकतुकीत. टकळीची छाती फुगली. सापडलं.

"एक खुंटी बदललेली आहे. बाकी सगळं मूळचं."

मावशीने भिंगातून पाहिलं आणि मान डोलावली.

"म्हणजे त्या कपाटात नाही," काकू म्हणाल्या. फ्लॅनेलची घडी त्यांनी फार नीट घातली. "असू दे. जोडकामावरच तर माझं पोट चालतं."

त्या गेल्या. टकळीने खरं तर उड्या मारायला हव्या होत्या, पण अंगठ्याला तो खळगा अजून जाणवत होता. ती खिडकीशी गेली. खाली रस्त्यावरून काकू चालल्या होत्या आणि पिशवी त्यांच्या कमरेवर हलके आपटत होती. पावलागणिक. तो बिनचेहऱ्याचा माणूस पुन्हा चालायला लागला. सहाही घरं भरलेली, घोडा टोपीवर टेकलेला, आणि वाटेत कुठे ठेच लागली तर? शेजारून एखादं पोर चाललं असेल तर? मग तो काय करेल? एक घर रिकामं ठेवेल. घोडा तिथे टेकवेल.

आणि मघाची काडी तिच्या कानात पुन्हा वाजली. खर्र, पाच वेळा. सहाव्यांदा आवाजच नव्हता. तो तंद्रीत विरघळून गेला असं तिला वाटलं होतं.

चपला राहिल्या वरच. काकूंना हाताला धरून ती परत घेऊन आली.

"नियम काय आहे?" मावशीने विचारलं.

"माहितीये. पण शेरा माझा होता ना, माझा मीच मोडते."

तिने काडी मावशीच्या हातात दिली. "डोळे मिटून फिरव."

पाच घरं खरखरली. सहाव्यात काडी लोण्यातून जावी तशी गेली. मावशीने डोळे उघडले, छोटा आरसा धरून आत पाहिलं. पाच घरं दारूच्या राखेने चढलेल्या गंजाने खाल्लेली, सहावं गुळगुळीत.

"नुसती खुंटी बदलली असती तर हे घरही खरखरलं असतं," टकळी म्हणाली. "इथे दारू गेलीच नाही. घोडा टेकून टेकून खुंटीचं टोक बघ कसं दबलंय. चालताना चुकून कुणाला लागू नये, काकू, म्हणून ते एक घर रिकामं ठेवायचे."

मावशी बराच वेळ भिंग पुसत राहिली. "मीही मान डोलावलीच होती की," ती म्हणाली. "अस्सल आहे. सगळंच्या सगळं."

काकूंनी त्या खुंटीवरून बोट फिरवलं, शिवण तपासतात तसं. "आणि म्हणे तापट," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी रिव्हॉल्व्हर टकळीपुढे सरकवलं. "तिथे पुन्हा एकदा काडी फिरव गं. मला ऐकू दे."

टकळीने फिरवली. खोलीत कुणीच बोललं नाही, टकळीसुद्धा.