बाराशे सागांची हजेरी

“सातशे येक, सातशे दोन…” मानसिंग जळालेल्या डोंगरावर गुडघे टेकून मोजत होता. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. सागाच्या बाराशे रोपांच्या जागी बाराशे काळ्या काड्या उभ्या होत्या, आणि तो एकेकीच्या बुडाची राख नखानं उकरून आत डोकावत होता. शेळ्या घेऊन निघालेली हरणाबाई थांबली.

“काय हरवलं रं?”

“झाडं.”

“ती हायती की. काळी हायती.”

मानसिंगनं मान वर केली नाही. तीन आठवड्यांपूर्वी डोंगराच्या कडेनं गवताचा पट्टा जाळायचा हुकूम आला होता. पट्टा आधीच जळलेला असला की बाहेरचा वणवा आत येत नाही. गावात हे काम पहाटे, गवत दवानं ओलं असताना करतात. पण रेंजरसाहेबांच्या कागदावर ‘दुपारी दोन’ लिहिलं होतं, आणि मानसिंग अकरा वर्षं फौजेत काढून आलेला गडी. हरणाबाई खालून बोंबलत होती, “आरं बाबा, वारं सुटलंय!” त्यानं घड्याळ बघून बरोबर दोनला काडी ओढली. सव्वादोनला बाहेरच्या वणव्यानं आत येण्याची गरजच उरली नाही.

आता शुक्रवारी साहेब मोजणीला येणार होते. निम्मी रोपं जिवंत निघाली तर आठ वर्षं रोजंदारीवर राखण करणारा मानसिंग कायम होणार. नाहीतर चौऱ्याहत्तर सालच्या या उन्हाळ्यात त्याला घरी बसायचं होतं.

घरी तर त्याला आत्ताही बसता येत नव्हतं. एक घास खाऊन तो दारात जाई, डोंगराकडे बघे, परत येऊन दुसरा घास घेई.

“जेवताना तरी बसा की वो,” त्याची बायको बनुबाई म्हणाली. “परेड काय लावलीया?”

दिवसातून तीनदा तो वर जाऊ लागला. एकदा वैतागून त्यानं एक काडी धरून उपटली. मेलेलं रोप असतं तर सुटून हातात आलं असतं. काडी तेवढी मोडली आणि मानसिंग पाठीवर पडला. त्यानं बुडाशी उकरलं. खाली मुळ्याएवढं जाड मूळ होतं, ओलं आणि पांढरं. परक्याच्या न्हाणीघरात डोकावल्यासारखं ओशाळून त्यानं घाईघाईनं माती लोटली.

“पळसाकडं बघ की,” हरणाबाई म्हणाली. “दरसाल जळतोय नि दरसाल उठतोय. जाळ वरनं पळतोय, भुईत कुठं शिरतोय? कुसळी गवताचं बी तर आपल्या पायानं भुईत घुसून बसतंय.”

“मग ही वर का येत न्हाईत?”

“येतील. तुझ्या सायबाला इचारून येणार हायती व्हय?”

बुधवारी काहीच नव्हतं. गुरुवारी एक्केचाळीस कोंब. शुक्रवारी सकाळी त्रेसष्ट. साहेब तासभर उशिरा आले, म्हणून चौसष्ट.

साहेबांनी डोंगर खालूनच बघितला. “एकही नाही.”

“चौसष्ट हायती साहेब. बाकीची खालनं जिती हायती. मी उकरून बघितलंय.”

“फुटाच्या खालचं रोप मोजत नाहीत. जमिनीच्या खालचं तर नाहीच नाही.” साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरला. “लिहिलंय बघ. अज्ञात वणव्यामुळे सर्व रोपे मृत. सही कर. दोन वाजल्याची भानगडही मिटेल. तुला तासगावच्या रोपवाटिकेवर कायम करतो. इथलं सगळं खणून काढू आणि निलगिरी लावू.”

मानसिंगनं पेन घेतलं. कागद दोनदा वाचला.

“साहेब, पासष्टच्या लढाईत माझी बी अशीच तार आलती घरी. मेला म्हनून. मी सुट्टी काढून आलो तवा माझं तेरावं चाललं हुतं. पंगत बसलीवती, मग मी बी बसलो. लाडू बरं हुतं.”

“त्याचा इथं काय संबंध?”

“त्या तारंवर बी कुनीतरी सही केली असंल की.”

त्यानं पेनाला टोपण लावलं, पेन परत दिलं आणि कडक सलाम ठोकला. उलट सलाम करायचा की नाही हे साहेबांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी टोपी नीट केली.

“उद्यापासून येऊ नकोस.”

जीप गेली. उन्हं चढल्यावर बनुबाई वर आली. डब्यात भाकरी होती आणि वर शिरा. कायम होण्याचा दिवस म्हणून साजूक तुपातला.

“झालासा?”

“न्हाई. मेली म्हनून सही दिली असती, तर झालो असतो.”

“मग द्यायची न्हाई व्हय?”

त्यानं बोटानं दाखवलं. काळ्या काडीच्या बुडाशी दोन तांबूस पानं राखेतून बाहेर आली होती, उंदराच्या कानाएवढी. बनुबाईनं डोळे बारीक करून बघितलं.

“येवढ्यासाठी?”

“व्हय.”

ती डबा टेकवायला खाली वाकली, पायाशी तसलीच आणखी दोन पानं बघून थबकली, आणि उजवा पाय उचलून तिनं जरा बाजूला ठेवला.