चिमट्याची परीक्षा

पोरांच्या त्या वसतिगृहात खरा नियम एकच, आणि तो पोरांनीच केलेला: रडायचं नाही. कारण रडणाऱ्याला वॉर्डन 'शांत होईपर्यंत' जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत बसवत आणि बाहेरून कडी लावत. म्हणून नव्या पोराला हवालदार तयार करायचा. हवालदार हे पोरांनीच ठेवलेलं नाव; तेरा वर्षांचा, सगळ्यांत जुना पोरगा. त्याला न्यायला कधी कुणी आलंच नव्हतं. तो रोज दंडाला चिमटा घ्यायचा. डोळ्यांत टिपूस दिसलं की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

टिल्लू आठ महिन्यांत इतका पक्का झाला की त्याची पापणीही हलेना.

आज त्याची मावशी येणार होती. मनात आलं तर घेऊनच जाणार होती. टिल्लूला सकाळपासून धास्ती. ती नाही म्हणाली तर? आणि तिच्यासमोर रडू फुटलं तर?

भेटीच्या खोलीत मावशीनं त्याला जवळ ओढलं. "नाक अगदी ताईचं रे!" तिनं त्याच्या नाकावरून बोट फिरवलं. "आईची आठवण येते?"

टिल्लूनं दाराकडे पाहिलं. दारात वॉर्डन उभे होते, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"नाही."

"माझ्याकडे यायचंय ना, बाळा?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"अरे, मावशीला कुणी 'तुम्ही' म्हणतं का?" ती हसायला गेली, पण हसू काही आलं नाही. ती वॉर्डनकडे वळली. "ह्याला माझी ओढच नाही हो. जबरदस्तीनं कसं न्यायचं?"

पाण्याचे पेले घेऊन आलेल्या हवालदारानं हे ऐकलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पेले ठेवता ठेवता त्यानं टिल्लूच्या दंडाला असा चिमटा काढला, की रक्तच यावं.

ही शेवटची परीक्षा, टिल्लूला वाटलं. मावशीदेखत! त्यानं दात आवळले. हूं की चूं केलं नाही.

मावशीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पर्स उचलली आणि ती निघाली. वॉर्डन तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.

मागे हुंदका ऐकू आला. टिल्लूनं वळून पाहिलं, तर हवालदार भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. टिल्लूची घाबरगुंडी उडाली. किल्ल्या वाजत परत येत होत्या. तो धावत हवालदारापुढे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून, त्याला झाकून.

"गप्प, गप्प ना," तो मागे न बघता कुजबुजला. "मी पास झालो ना रे?"