आईच्या तुकड्यातला शाळू

प्रणितानं चौथ्यांदा पिकाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर पॅकेज बांधून चालवलं आणि चौथ्यांदा संगणकानं तेच सांगितलं: आईच्या जमिनीच्या तुकड्यात शाळवाची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पोती उणे दोनशे चौदा कोटी. बेळगावात टिळकवाडीतल्या खोलीत ती एकटीच मोठ्यानं हसली. मग हसू मावळलं, कारण सोमवारी हे पॅकेज सगळ्यांसाठी खुलं करायचं होतं.

तसं आर या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं जुनं गणित दोन वर्षं बिनतक्रार चाललं होतं. पण माहिती वाढली की ते रखडायचं, म्हणून तिनं त्यातला जड भाग सी प्लस प्लसमध्ये लिहून काढला. वेग आला खरा, पण खाजवून खरूज काढल्यासारखं झालं. तिनं कॉलेजातल्या नागेंद्र सरांना फोन लावला. आरची 'इथं काही नाही' ही खूण सी प्लस प्लसला कळत नाही, त्याला तो भलामोठा उणे आकडा दिसतो, असं सरांनी समजावलं. जुनं गणित अशा ओळी गुपचूप गाळत होतं. नव्यातही गाळ, उत्तरं जुळतील, म्हणाले.

गाळणं दोन मिनिटांचं काम होतं. पण जागा रिकामी का, हे तिला बघायचं होतं. घरच्या वह्यांवरून तिनं स्वतः टाइप केलेली यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. काखेत कळसा नि गावाला वळसा! त्यांच्याकडं धान्य मोजताना पहिल्याला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. वहीत पोत्यांचे नंबर तसेच होते, आणि लहानपणापासून तेच ऐकत आलेल्या पोरीच्या बोटांनी तेच टाइप केलं होतं. आकड्यांच्या रकान्यात शब्द आल्यावर आरनं तो रिकामा धरला. दरसाल, प्रत्येक रानातलं पहिलं पोतं वजनासकट गळलं होतं.

मोठ्या रानात चाळीस पोती, तिथं एकानं काय बिघडतंय? आईच्या तुकड्यात तीनच निघायची, त्यातली दोनच मोजली गेली होती.

दोन वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या त्यांच्या घरी, आप्पा आणि दोन्ही काकांपुढं, तिनं याच गणिताचा आलेख दाखवला होता. त्या तुकड्यात शाळू परवडत नाही, असं ठासून सांगितलं होतं. तिचे वडील गोमटेश आप्पा तेव्हा तिचं शिक्षण थांबवून लग्न उरकायच्या बेतात होते. त्या दिवशी ते हाताची घडी घालून ऐकत बसले आणि पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. पुढच्या हंगामात त्या अर्ध्या एकरात ऊस लागला. राजमतीबाईंनी, म्हणजे आईनं, वीस वर्षं स्वतः पेरलेला तुकडा तो.

शनिवारी सकाळच्या बसनं प्रणिता घरी गेली. आई स्वयंपाकघरात शेंगा फोडत होती. प्रणितानं तिच्यापुढं बसकण मारली आणि सगळं सांगून टाकलं. आई शेंगा फोडतच राहिली.

"तीनच व्हती," ती म्हणाली. "मीच तोंडं शिवलेली."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

आईनं हातातलं टरफल बाजूला टाकलं.

"तुजं आप्पा पयल्यांदाच तुजं ऐकत बसलं व्हतं गं. मधी बोलून मी काय करू?"

ज्या दिवसाचा प्रणिताला दोन वर्षं अभिमान होता, तो आईनं गप्प राहून तिच्या पदरात टाकला होता. आई मात्र काही झालंच नसल्यासारखं बोलत होती. ऊस काय वाईट न्हाय म्हणाली, आप्पांना आता काय सांगू नगंस म्हणाली, उगंच तुजं शिकणं परत वांद्यात यायचं.

आप्पा बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत होते. प्रणिता उठली. आईनं मागून हाक मारली, तरी ती थांबली नाही.

"आप्पा," ती त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "तुकड्याचं गणित माजं चुकलंय. आईला पयल्या दिवसापास्नं ठावं व्हतं."