आवक : पाणमांजर, एक डबा

आत्याने डबा टेबलावर आदळला आणि झाकण उघडलं. कुजक्या माशांचा वास खोलीभर पसरला. आवक नोंदवणाऱ्या कारकुनाने नाकाला रुमाल लावला.

"हे काय आणलंत?"

"पाणमांजराची घाण. आज सकाळची."

नदीकाठी जाळी विणणाऱ्या या बाईला सगळे आत्याच म्हणत. पाणमांजरांनी तिची जाळी फाडफाडून तिला जेरीस आणलं होतं आणि त्यांना शिव्याही सगळ्यात जास्त तिनेच घातल्या होत्या. पण आता त्यांच्या बिळांवर काँक्रीटचा बांध येणार होता, आणि याच कार्यालयाच्या पाहणीच्या अहवालात लिहिलं होतं, 'पाणमांजर आढळले नाही.' हरकत घ्यायचा आज शेवटचा दिवस होता.

आढळणार कसं? पाहणीवाले आले भर दुपारी, तिच्याच झोपडीच्या सावलीत जेवले आणि तासाभरात गेले. पाणमांजर बाहेर पडतं ते उजाडताना आणि दिवस मावळताना, हे काठावरचं शेंबडं पोरही सांगेल. त्या पोराला विचारायचीही कुणी तसदी घेतली नव्हती. निव्वळ लबाडी!

आवाज ऐकून साहेब बाहेर आले.

"अहो बाई, आधी ते फेका. अर्ज ठेवा आणि निघा."

"अर्ज दिलाय. हा पुरावा. खवले बघा, काटे बघा. बिळात दोन पिल्लं आहेत. ती कुठं जातील तेवढं सांगा, लगेच निघते."

"अहवालात नाही म्हटलंय ना? मग नाहीत."

आत्याने डब्याला हात घातला. तो साहेबांच्या टेबलावर उपडा करायचा तिने ठरवलंच होतं.

"थांबा," कारकून म्हणाला. "असा डबा नेता येणार नाही."

"आता तुमचं काय?"

"पुरावा म्हणून आत आलेली वस्तू नोंदवावी लागते."

त्याने रुमाल खिशात ठेवला, जाडजूड वही ओढली आणि मोठ्याने म्हणत लिहू लागला. "पाणमांजराची विष्ठा. ताजी. एक डबा. कुठं सापडली?"

"वळणावरच्या बिळापाशी."

"अहो, हे काय लिहिताय?" साहेब ओरडले.

"जे आलं ते, साहेब. मुदतीत हरकत आली, पुरावाही नोंदला गेला. आता सुनावणी घ्यावी लागेल. तोवर बांधाचं काम थांबणार."

त्याने पोच फाडून आत्याच्या हाती दिली. तिने ती दोनदा वाचली. खाली कार्यालयाचा गोल शिक्का होता, अजून ओला. अहवालावर होता तोच.