लोकांना आवडलेलं माझं कण्हणं

मी एक जुना डबल बास आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. तेच खाऊनपिऊन माणसाहून उंच झालं तर जसं दिसेल, तसा मी दिसतो. चार जाड तारा, लांब मान, बारीक कंबर आणि तिच्याखाली हे भलंमोठं पोट. मला जिन्यावरून न्यायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

एका शिंप्याच्या दुकानामागे माझ्या कारागिराची खोली होती. तिथे माझा जन्म झाला. माझं लाकूड त्याने सात वर्षं नुसतं वाळत ठेवलं होतं. घाई केली की लाकूड सूड घेतं, असं तो म्हणे. माझ्या अंगात एकही खिळा नाही. सगळे सांधे सरसाने जोडलेले आहेत. सरस कोमट पाण्याने सुटतो, त्यामुळे पुढेमागे काही बिघडलं तर मला उघडून दुरुस्त करता येतं. त्या भल्या माणसाने माझ्या म्हातारपणाचाही विचार करून ठेवला होता.

पहिली सव्वीस वर्षं मी एका मोठ्या वाद्यवृंदात काढली. काळे कोट घातलेली चाळीस माणसं, आणि मी सगळ्यात मागे. टाळ्या पुढच्यांना मिळत. पण मी थांबलो की सगळ्यांचा तोल जाई, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मग तो वाद्यवृंद मोडला. मी एका संगीतशाळेच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांमागे जाऊन पडलो. धूळ इतकी साठली की मुलांनी बोटाने माझ्या पोटावर डोळे, नाक आणि दात काढले. मला राग आला नाही. कुणीतरी हात लावला, एवढंच पुष्कळ वाटलं.

तिथून मला बँडसाठी बास शोधत आलेल्या ताईने बाहेर काढलं; सगळे तिला ताईच म्हणत. तेव्हा ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासत असे. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळे. तिने माझ्यावरची चादर ओढली, दात काढलेलं पोट पाहिलं आणि खो खो हसली. "काय रे ढेरपोट्या, इथे लपून बसलायस होय!" म्हणाली. तेव्हापासून माझं नाव ढेरपोट्या. चाळीस कोटवाल्यांनी मला कधी नावच दिलं नव्हतं, म्हणून मी ते बिनतक्रार घेतलं.

ताईचा तिघांचा सायकोबिली बँड होता. म्हणजे काय, ते मलाही नीट कळायला महिना लागला. जुन्या रॉक अँड रोलची उडी, पंकचा आरडाओरडा आणि गाण्यांत सगळी भुतंखेतं, थडगी आणि रक्तपिपासू शेजारी. ताईचा धाकटा भाऊ गिटार वाजवून गात असे. ड्रमवर एक बेकरीवाला. त्याला पहाटे भट्टी पेटवायची असे, म्हणून हा भुतांचा बँड रविवारी दुपारी लख्ख उन्हात वाजायचा. चेहऱ्यांना पांढरा रंग, डोळ्यांखाली काळं आणि घामाने ते सगळं गळ्यापर्यंत ओघळलेलं. भुतांची अशी दशा मी कधी ऐकली नव्हती.

या संगीतात माझ्यावर व्हायोलिनसारखा गज फिरवत नाहीत. तार बोटाने ओढून सोडायची आणि वर तळव्याने थाड् करून मारायची. ताई बोटांना चिकटपट्टी गुंडाळून घेई, तरी कार्यक्रमाअखेरी ती पट्टी लाल होई. मला लागत नव्हतं असं नाही. पण खरं सांगतो, सव्वीस वर्षं मागे उभा राहिल्यावर कुणी पुढे आणून असं वाजवलं की म्हातारपणीही अंगात वारं शिरतं. लोक माझ्याकडे बोट दाखवत. मी फुगलो. पोट होतंच, त्यात आणखी भर.

या बँडवाल्यांची एक रीत असते. शेवटच्या गाण्यात बास आडवा कलता करायचा, वाजवणाऱ्याने त्याच्या कमरेवर पाय ठेवून वर चढायचं आणि तिथे उभं राहून वाजवायचं. धाकटा मान धरून मला तोलायचा आणि ताई वर चढायची. लोक वेडे व्हायचे. पहिलं वर्ष मी तिला नीट पेललं. नंतर, जिथे तिचा पाय पडायचा तिथला सांधा सुटू लागला.

फट नखाएवढी होती. पण तार वाजली की तिथून 'घर्रर्र' असा आवाज यायचा, आजारी माणूस कूस बदलताना कण्हतो तसा. मला बरं वाटलं. म्हटलं, आता यांना कळेल.

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा ताई थांबली. माझ्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "हा आवाज आधी नव्हता हं. कुणा कारागिराला दाखवूया."

"दाखवतेस काय, वेडी आहेस का?" धाकटा ओरडला. "अगं, तळघरातून कुणी कण्हतंय असं वाटतं! हेच तर हवं होतं आपल्याला!"

बेकरीवाला काठ्या खाली ठेवून म्हणाला, "मला तर बुवा काटा आला. पण दुखणं निघालं तर औषध करायला हवं. आधी रेकॉर्डिंग होऊ दे, मग बघू."

मित्रांनो, दुसरा कुठलाही बँड असता तर त्याने मला त्याच दिवशी दुरुस्तीला नेलं असतं. पण ज्यांना भुताचा आवाज हवा असतो, त्यांना दुखण्याचा आवाज वेगळा कसा ओळखू यावा? त्यांनी माझ्या फटीपाशी एक छोटा माईक लावला. त्या आवाजावर धाकट्याने नवं गाणं रचलं. रेकॉर्डिंग झालं, आणि गाणं लोकांना इतकं आवडलं की कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच "कण्ह! कण्ह!" असा गिल्ला व्हायचा. आणि मी कण्हायचो. ताईचा हात पडला की न कण्हणं माझ्या हातात नव्हतं. जितकी फट वाढे तितक्या टाळ्या वाढत. कारागिराकडे जायचं आधी रेकॉर्डिंगनंतर ठरलं होतं, मग जत्रेच्या कार्यक्रमानंतर, मग 'बघू'.

मला दिसत होतं की एक दिवस तो सांधा जाणार, आणि तेव्हा ती वर असणार. मी काय करू शकत होतो? मला पाय नाहीत, बाजूला व्हायला. जेवढा आवाज करता येत होता, तेवढा मी केला.

तो रविवार आला. शेवटचं गाणं. ताईने पाय ठेवला, ती चढली, एक थाप मारली, आणि माझी कड आत गेली. ती डाव्या हातावर पडली. मी तिच्या शेजारी पडलो. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. ते बराच वेळ टाळ्या वाजवत होते.

तिचं मनगट तीन जागी मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पुरतं वळत नाही. दुकानात ती आता काचा घासत नाही, गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवते. धाकट्याला अपराधी वाटत होतं. त्याने डोळे पुसत पुसत मला बाजारातल्या सगळ्यात पक्क्या गोंदाने जोडलं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, सरसाने जोडलं असतंस तर पुन्हा उघडता आलं असतं. आता हा फुटेल, पण उघडणार नाही."  धाकट्याने प्रेमानेच केलं होतं बिचाऱ्याने. आता मी कण्हतही नाही. वाजवलं तर ओल्या खोक्यावर मारल्यासारखा ठप्प वाजतो.

मित्रांनो, तुमच्या घरात सायकल असेल, पंखा असेल, म्हातारं कुत्रं असेल, फार न बोलणारे आजोबा असतील. त्यांचा आवाज बदलला आणि तो तुम्हाला गमतीचा वाटला, तर जरूर हसा. पण हसून झाल्यावर जवळ जा, हात लावून बघा, आणि ते काम 'बघू' वर टाकू नका. आमच्यासारख्यांना दुसरी भाषा नसते.

काल दुपारी ताई एकटीच मला ठेवलेल्या खोलीत आली. तिने मला उभं केलं आणि डाव्या हाताने तार दाबून पाहिली. बोटं पोचली, पण जोर आला नाही, तार निसटली. तिने दोनदा, तीनदा पाहिलं. मग माझ्या पोटाला गाल टेकून ती तशीच उभी राहिली.

"ढेरपोट्या," ती म्हणाली, "तुला कळत होतं ना रे? मग एकदा तरी सांगायचंस."

अकरा महिने मी दर रविवारी सांगत होतो, आणि तेही माईकवरून.