वाकडा अनंत

"बाबा, टेम्पो खाली उभा आहे. हमालांना कुंडीला हात का लावू देत नाही तुम्ही?"

मुलगी दारात उभी होती. तिचे वडील अनंताच्या झाडापुढे दोन्ही हात पसरून उभे होते. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, पण असं अडून बसलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कळी आलीये. बघ ना. लांबून बघ."

खिडकीकडच्या फांदीवर हिरवी, पीळ भरलेली कळी होती. टोकाशी पांढरं डोकावत होतं.

"पूर्वीही यायच्या की. चार दिवसांत गळायच्या."

"का गळायच्या ते कळलंय मला. अगं, मीच गळवत होतो."

कामावर सगळे त्याला ओळंबा म्हणत, म्हणजे सरळ उभं आहे का ते तपासायची वजन बांधलेली दोरी. तिरकं काही दिसलं की त्याला चैन पडत नसे. घरातलं झाड उजेडाकडे वाकायचं, म्हणून दर रविवारी बायको आंघोळीला गेली की तो गुपचूप कुंडी फिरवून ठेवायचा. ती जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून त्याने कुंडीला हात लावला नव्हता.

"कळी धरल्यावर हे झाड हलवायचंच नसतं. काल नर्सरीवाल्याने सांगितलं. तीन दिवस दे मला, फक्त तीन."

"नऊ वर्षं आई स्वतःलाच दोष देत राहिली, 'माझ्या हाताला गुण नाही' म्हणून."

"मला वाटायचं, मी तिला मदत करतोय."

मुलीने लांबूनच वाकून कळी पाहिली. मग जिन्यात जाऊन हमालांना म्हणाली, "कुंडी राहू द्या. एक गादीपण ठेवा. आमचा ओळंबा इथेच राहतोय."

तिसऱ्या सकाळी त्याला वासाने जाग आली. सामान गेलेली खोली वासाने भरून गेली होती. तो धडपडत उठला, चष्मा सापडेना, तसाच गेला. फूल उमललं होतं, तळहाताएवढं, पण खिडकीकडे तोंड करून. खोलीकडे त्याची पाठ.

सवयीने त्याचा हात कुंडीच्या काठावर गेला. जरासं फिरवलं की झालं असतं.

त्याने हात मागे घेतला. मग पोट आत ओढून तो खिडकी आणि कुंडीच्या मधल्या अरुंद जागेत शिरला आणि भिंतीला टेकून, अंग चोरून उभा राहिला, शेजारी आणखी एका माणसापुरती जागा सोडून.