गुडघ्याला साद घालणारी हातोडी

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. खिळे ठोकणारी नव्हे हं. माझं डोकं रबराचं आहे. डॉक्टर मला रुग्णाच्या गुडघ्याखाली हलकेच मारतात आणि पाय आपोआप उडतो. कोठी नावाच्या वस्तीतल्या या दवाखान्यात डॉ. अनुराधांच्या वडिलांनी मला आणलं, तेव्हा माझा दांडा चांदीसारखा चमकायचा. आता मी बहुधा खणातच असते.

कीर्तनकार इंदुताई मात्र मला विसरल्या नाहीत. पाय उडाला की म्हणायच्या, "सम बरोबर आली गं अनुराधा!" अंबरपेठच्या देवळात त्या उभ्या राहिल्या की तान्ही लेकरंही डुलायची म्हणे. ते ऐकून खणातल्या खणात मलाही हात जोडावेसे वाटत.

मग त्यांना फायब्रोमायल्जिया जडला. सगळं अंग ठणके, झोपून उठलं तरी थकवा जाईना, तपासण्यांत काही दिसेना. लोक म्हणत, नाटकं करते. रोज वेदनाशामक गोळ्या घेऊन त्या कीर्तनाला उभ्या राहत.

दत्तजयंतीच्या दुपारी त्यांचे यजमान हिम्मतराव त्यांना धरून घेऊन आले.

"मॅग्नेशियमचं सलाईन लाव गं, त्यानं दुखणं पळतं म्हणे. संध्याकाळी पाळण्यापर्यंत उभं राहायचंय मला."

"काकू, त्यानं दुखणं थांबेलच असा भरवसा नाही. आणि मॅग्नेशियम मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. ती कशी आहेत ते आधी कळू दे. रक्ताचा रिपोर्ट उद्या येईल."

"उद्या? तोवर दत्त जन्मून रांगायला लागतील!"

"नक्को ना अडवू बाळा," हिम्मतराव म्हणाले. "हिचं तोंड बघवत नाही."

अनुराधा लहानपणापासून इंदुताईंच्या कीर्तनांना जात आलेली. तिचं मन विरघळलं. तिनं सलाईन अगदी हळू सोडलं आणि ती दुसऱ्या रुग्णाकडे गेली.

"असं थेंब थेंब पडलं तर पोचलो आपण देवळात!" म्हणत हिम्मतरावांनी नळीवरचं चाक सैल केलं.

थोड्या वेळानं इंदुताईंचा चेहरा लालभडक झाला, जीभ जड झाली. डॉक्टर धावत आल्या. मला उचलून गुडघ्याखाली मारलं. पाय हलला नाही. पुन्हा मारलं. नाहीच. इतकी वर्षं मी साद घालायची आणि गुडघा ओ द्यायचा. त्या दिवशी पलीकडे कुणीच नव्हतं.

सलाईन बंद झालं, जास्त झालेल्या मॅग्नेशियमवर उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मोठ्या इस्पितळाची गाडी आली. इंदुताई वाचल्या, ही देवाची कृपा. देवळात पाळणा कीर्तनाविनाच हलला. रिपोर्ट आला: गोळ्यांनी मूत्रपिंडं केव्हाच थकली होती. आता सलाईनही नाही, त्या गोळ्याही नाहीत. दुखणं तेवढं राहिलं.

परवा त्या आल्या होत्या. मी गुडघ्याखाली हलकेच आपटले आणि पाय टुणकन उडाला. मी 'सम'ची वाट पाहिली. इंदुताई पायाकडे बघत राहिल्या.

"हा अजून तयार आहे गं," त्या म्हणाल्या. "मीच नाही."

मित्रांनो, कुणी दुखतं म्हणालं तर नाटक म्हणू नका. सलाईनआधी रिपोर्टची वाट बघा, कितीही जीव तुटला तरी. आणि त्या चाकाला हात लावू नका. इंदुताईंसाठी हे सांगायला मला उशीर झाला.

डॉक्टरांनी मला पुसलं. खण बंद होतोय.